दुभाषी

नियम पहिल्याच दिवशी शिकवतात :
'त्या म्हणतात की' असं म्हणायचं नाही.
समोरची बाई 'मी' म्हणाली
तर आपणही 'मी'च म्हणायचं.
ताशी सव्वीस पौंडांत,
रेडिंगच्या कौटुंबिक न्यायालयात,
मंगळवारी मी कुणाची तरी 'मी' होते.

आज कुमुद टिपणीस, वय सदुसष्ट.
तपकिरी कोट, मांडीवर पर्स, पर्सवर दोन्ही हात,
बसमध्ये बसतात तशा.
पलीकडे श्रीयुत टिपणीस.
त्यांना ऐकू कमी येतं, म्हणून ते
प्रत्येकच वाक्याला मान डोलावतात.
चव्वेचाळीस वर्षं.

वकिलाची पोरगी कॉफी ढवळत म्हणाली,
हल्ली याच वयाचे फार येतात.
तरुण मुळात लग्नच करत नाहीत,
मोडणार काय?
मी हसले. माझी लेक सहा वर्षं
कॅलमबरोबर राहते : दोघांच्या नावावर कर्ज,
एक कुत्रा, खिडकीत टोमॅटोचं रोप.
'कागद कशाला, आई?'
कर्जाचा कागद मात्र चाळीस पानी.

पूर्वी इथेही कुणीतरी वाईट असावं लागायचं.
आता नाही. फॉर्म भरायचा, वीस आठवडे थांबायचं.
वीस आठवडे,
पोटात मुलगा की मुलगी कळायला लागतात तेवढेच.

'घटस्फोट' लिहिताना माझ्या कानात
अजून मडकं फुटतं.
इथे काही फुटत नाही. गालिचा आहे.
आमच्या गावाकडे काडी मोडत, पंचांच्या देखत,
वाळकी, कट् आवाज करणारी.
इथल्या काडीला पोस्टकोड असतो,
पेन्शन असते,
वर तीन खोल्या आणि पोटमाळ्यावर
न उघडलेला डिनरसेट.

जज सौम्यपणे म्हणाल्या,
तुम्हाला इंग्रजी येतं, असं इथं लिहिलंय.

'येतं,' कुमुदताई मराठीत म्हणाल्या.
'एकतीस वर्षं पोस्टाच्या खिडकीत तेच बोलले.
तिकिटं विकायला पुरतं.
पण हे वाक्य मी मराठीत तयार केलंय,
न्हाणीघरात, नळ सोडून.
ते तसंच बाहेर येऊ दे.'

मग पर्सवरचे हात त्यांनी उचलले.

'त्यांनी कधी हात उगारला नाही. दारू नाही, काही नाही.
मी दारात किल्ली फिरवली
की आतून विचारतात, कोण आहे?
मी म्हणते, कोणी नाही, मीच.
रोज.
मला ते आता म्हणायचं नाही.'

मी तोंड उघडलं.
इंग्रजीत त्याची दोन वाक्यं झाली
आणि दोन्ही लंगडली.
'कोणी नाही' आणि 'मीच' यांच्यामध्ये
जो एवढासा स्वल्पविराम आहे,
त्यात ही बाई इतकी वर्षं राहिली होती,
आणि तो मला पलीकडे नेता येईना.
तरी मी म्हटलं. माझ्या आवाजात,
'मी' म्हणून.
'मला आता म्हणायचं नाही.'
जजनी टिपून घेतलं, माझ्याकडे बघत.
बघायचं खरं तर त्यांच्याकडे असतं.

श्रीयुत टिपणीसांनी मान डोलावली.

चारला दोघं एकाच थांब्यावर उभे दिसले,
सतरा नंबरसाठी.
घर विकलं जाईपर्यंत जायचं तिथेच.
त्यांनी हात करून बस थांबवली,
त्या आधी चढल्या,
त्यांचाही पास काढून दाखवला.

घरी विद्याधर भांडी विसळत होता.
तसा तो चांगला आहे.
पाठमोराच म्हणाला, 'आज कोण होतं?'
आमची गोपनीयतेची शपथ असते.
'कोणी नाही,' मी म्हटलं,
आणि उरलेलं अर्धं वाक्य
कोटाची बटणं काढून होईपर्यंत
तोंडातच धरून ठेवलं.